सोसायटीच्या गणपतीत चाळीस मिनिटं जादू: काय दाखवावं, काय घ्यावं, काय बोलावं

प्रश्न थोडक्यात असा: वय चोवीस, राहायला कोथरूडला, नोकरी आयटीत. व्हिडिओ बघून पत्त्यांची हातचलाखी बऱ्यापैकी बसली आहे, ऑनलाइन मागवलेलं सामान कपाटभर आहे. यंदा सोसायटीच्या गणपतीत चाळीस मिनिटांचा कार्यक्रम कराल का, असं कमिटीनं विचारलंय. पार्किंगमधला मांडव, दीडेकशे माणसं, त्यात निम्मी मुलं. कोणते प्रयोग घेऊ, आणखी काय विकत घेऊ आणि बोलू काय?

विकत घेण्याचं आधी निकालात काढतो. एक वस्तू सोडली तर काहीही घेऊ नका. त्या कपाटातलं निम्मं सामानही घरीच ठेवा. नक्षीकाम केलेली डबी, ड्रॅगनचं चित्र असलेली नळी, चकचकीत प्लॅस्टिकचा डबा टेबलावर आला की दहा वर्षांचं पोरही म्हणतं, "त्या डब्यातच काहीतरी आहे." बरोबरच म्हणतं. पेपर, दोरी, तांब्या, नोट, मोसंबं या त्यांच्याच घरातल्या वस्तूंवर संशय घ्यायला त्याला जागा उरत नाही. तुम्हाला पाच प्रयोग पुरेत, आणि ते दुकानातल्या कॅटलॉगवर न बेतता त्या पार्किंगवर बेतायचे.

पार्किंगमधला मांडव म्हणजे काय ते आधी बघून या. नाट्यगृहासारख्या रंगमंचाच्या विंगा नाहीत. मागे पडदा असतो, पण पडद्याच्या फटीत हमखास दोन पोरं असतात. एका बाजूला जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसतात, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कुणाची तरी आजी वाकून बघत असते. ती आजी सगळ्यात धोक्याची. बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीतल्या प्रेक्षकासारखी ती वरून बघते, म्हणजे उघड्या तोंडाचा डबा असेल तर तिला थेट तळ दिसतो. त्यामुळे जे टेबलामागे लपतं ते बाद, ज्याला एकाच बाजूनं बघावं लागतं ते बाद, आणि ज्याच्या शेवटी तुमच्या हातात काहीतरी दडवायचं उरतं तेही बाद. या चाळणीतून जे खाली पडेल ते घ्यायचं.

सुरुवात पेपरनं करा. फाडलेला पेपर पुन्हा अखंड. कोणती पद्धत ते तुम्हाला ठाऊक आहेच, मी फक्त कागदाबद्दल सांगतो. वर्तमानपत्राचा कागद उभा सरळ फाटतो आणि आडवा वेडावाकडा, कारण कागद तयार होताना तंतू एका दिशेला बसलेले असतात. म्हणून पहिली फाड उभी घ्यायची: झरकन, लांब आणि आवाजाची. हा आवाज म्हणजे अर्धा प्रयोग. भाद्रपदातल्या दमट हवेत पेपर मऊ पडतो आणि फाडताना फुसका आवाज येतो. मी निघण्यापूर्वी त्यावर कोमट इस्त्री फिरवतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट घालून नेतो. आणखी एक, हे कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही: गणपतीच्या दिवसांत पेपरच्या पानापानावर बाप्पांचे फोटो असतात. मूर्तीसमोर उभं राहून तो फोटो टराटरा फाडलात तर पुढची चाळीस मिनिटं विसरा. क्रीडा नाहीतर बाजारभावाचं पान घ्या, दोन्ही बाजू नीट तपासून. या प्रयोगात बोलू नका. समोरची माणसं अजून खुर्च्या सरकवत असतात, तुमचं पहिलं वाक्य कुणी ऐकत नाही.

दोरीचा प्रयोग मुलाला घेऊन करा. कापून जोडायची दोरी सुती आणि विणीची हवी, बोटाएवढ्या जाडीची. पुण्याच्या बोहरी आळीत मिळते. नवी दोरी खळीमुळे ताठ असते आणि हातात काठीसारखी उभी राहते, म्हणून गरम पाण्यात धुवायची, वाळवायची आणि आतला गाभा ओढून काढायचा. मग ती रिबिनीसारखी पडते, गाठ घट्ट बसते आणि कात्रीनं एका घावात तुटते. टोकं फेविकॉलमध्ये बुडवून वाळवा, नाहीतर तिसऱ्या सरावाला झिरमिळ्या सुटतात. रंगाचा विचार आधी करा. मांडवाचा पडदा पांढरा असेल तर पांढरी दोरी चौथ्या रांगेलाही दिसत नाही. लाल रंगवलेली एक जवळ ठेवाच.

आता पत्ते. तुमचा जीव पत्त्यांत आहे, ते प्रश्नावरूनच कळलं. पण पोकर आकाराचं पान साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं. तिसऱ्या रांगेपलीकडे ते पांढरा ठिपका. तुमचे सगळे सुंदर डबल लिफ्ट (दोन पानं एकच असल्यासारखी उचलणं) आणि फॅन (पत्त्यांचा पंखा) दीडशे माणसांत वाया जाणार. म्हणून पत्त्यांचा असा प्रयोग घ्या जो दिसला नाही तरी ऐकू येतो. माझा आवडता सांगतो, आणि तो मराठीतच होतो.

इंग्रजीत एक जुना प्रकार आहे. प्रेक्षकानं निवडलेल्या पानाचं स्पेलिंग करत एकेका अक्षराला एकेक पान टाकत जायचं, शेवटी तेच पान निघतं. इंग्रजीत ही नावं दहा अक्षरांपासून पंधरा अक्षरांपर्यंत कितीही लांब असतात, त्यामुळे जादूगाराला बरीच कसरत करावी लागते. आता आपली पानं मोजा. बदाम, चौकट, इस्पिक: तिन्ही तीन अक्षरी. किलवर चार. पुढे एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, राणी, राजा: सगळी दोन अक्षरी. फक्त गुलाम तीन. म्हणजे बावन्न पानांपैकी छत्तीस पानांची नावं पाच अक्षरी, पंधरांची सहा अक्षरी आणि एकट्या किलवर गुलामाची सात. कोणती सोय झाली ते दिसलं का? निवडलेलं पान गुपचूप वरून सहावं आणून ठेवायचं. नाव पाच अक्षरी असेल तर पाच पानं टाकायची आणि "आता पुढचं पान तुम्हीच उलटा" म्हणायचं. सहा अक्षरी असेल तर शेवटच्या अक्षराला पडलेलंच पान उलटायचं. एकाच जागेवर एक्कावन्न पानं भागतात. किलवर गुलाम आधीच खिशात ठेवा. जोकर बॉक्समध्ये.

यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे लोक "बदामची राणी" म्हणतात, आणि तो "ची" मोजला की हिशेब कोलमडतो. म्हणून तुम्हीच आधी म्हणा, "आपण बदाम सत्ती खेळतो ना, तसं नाव घ्या, मधे चा-ची-चे नको." दुसरं, जोडाक्षर. "स्पि" एक की दोन, यावर पुण्यात वाद होणार नाही असं धरून चालू नका. इलाज सोपा. या प्रयोगाला मूल घेऊ नका, ते "क्वीन ऑफ हार्ट्‌स" म्हणतं. पहिल्या रांगेतल्या आजी घ्या, ज्यांनी सुट्टीत नातवंडांबरोबर पत्ते कुटलेत. माइक त्यांच्या हातात द्या आणि अक्षरं त्यांनाच म्हणू द्या: इ, स्पि, क, रा, णी. तिसऱ्या अक्षरापासून अख्खा मांडव त्यांच्याबरोबर म्हणायला लागतो. पान कुणाला दिसतंय न दिसतंय, काही फरक पडत नाही, आजी उलटल्यावर ओरडतातच.

आजींचा विषय निघालाच आहे तर: मंचावर बोलावलेल्या माणसाची फजिती करून हशा मिळवायचा नाही. परदेशी व्हिडिओंत ते चालतं. इथे ती बाई कुणाची तरी सासू असते आणि तिचा जावई दुसऱ्या रांगेत बसलेला असतो. "काकू, या. सावकाश, वायर आहे तिथे." हात धरून ओढू नका, मनगट धरू नका, तळहात हवा असेल तर "हात पुढे कराल का?" म्हणा. मुलांना "अरे-अगं" चालतं, नाव विचारा आणि पुढे नावानंच बोलवा. आणि "मला माहितीये हे कसं करतात!" म्हणून ओरडणारा एक असतोच. त्याला गप्प करू नका, वर घ्या. "तुला माहितीये ना? मग तू माझा असिस्टंट. पण असिस्टंट गुपित फोडत नाही." पुढची चाळीस मिनिटं तो तुमच्या वतीनं बाकीच्यांना गप्प बसवतो.

आता ती एक वस्तू, जी घ्या म्हणतो. पाण्याचा तांब्या. रिकामा केला की थोड्या वेळानं पुन्हा भरलेला. जादूगार पी. सी. सरकार (थोरले) यांनी हा प्रयोग "वॉटर ऑफ इंडिया" म्हणून जगभर नेला, आणि त्यातली खुबी तांब्याइतकीच मांडणीत होती. ते तो सलग करायचे नाहीत, कार्यक्रमभर इतर प्रयोगांच्या मधे मधे येऊन पाणी ओतायचे. तुमच्या चाळीस मिनिटांना हाच धागा बांधतो. ऑनलाइन मिळणारा ॲल्युमिनियमचा तांब्या घेऊ नका, तो हलका असतो आणि खोटा वाजतो. कसब्यात तांबट आळीत जा आणि घरच्या पूजेच्या तांब्यासारखाच दिसेल असा, आतून कल्हई केलेला, ठोक्यांचा करून घ्या. आत काय हवंय त्याचा आराखडा मापांसह काढून न्या. कारागीर कशासाठी ते विचारत नाही, पण ओळखतो. घरी आणल्यावर आठवडाभर फक्त ओतण्याचा सराव करा. तांब्या पूर्ण पालथा करायचा, शेवटचे थेंब झटकायचे, आणि मगच खाली ठेवायचा. ठेवतानाचा हात अगदी सैल हवा. भरलेलं भांडं आपण जपून ठेवतो, रिकामं सहज टेकवतो. आत पाणी असताना रिकाम्यासारखं टेकवणं, इथे खरी मेहनत आहे.

पहिल्यांदा पाणी आलं की काही बोलू नका. दुसऱ्यांदा नुसतं तांब्याकडे बघा. तिसऱ्यांदा म्हणा, "आज गुरुवार नाही वाटतं." ज्यांच्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं ती माणसं यावर मनापासून हसतात. चारपेक्षा जास्त वेळा मात्र ओतू नका, मुलं आधीच मोजायला लागतात.

शेवटचा प्रयोग नोटेचा. प्रेक्षकाची पाचशेची नोट गायब होऊन फळात सापडते. जगभर हा लिंबातून करतात. तुम्ही करू नका. गणपतीचा मांडव, मूर्तीसमोर जादूगार, आणि तो सुरीनं लिंबू कापतोय: मागच्या रांगेतल्या दोन बायका हळूच मुलांना जवळ ओढतील. कुणी बोलणार नाही, पण मांडवाचं तापमान उतरलेलं तुम्हाला जाणवेल. लिंबाला आपल्याकडे भलताच अर्थ चिकटलाय. तो दोन मिनिटांच्या करमणुकीत पुसता येत नाही, आणि पुसत बसायचं कारणही नाही. नारळ नको, तो देवाचा. मोदकात तर मुळीच नको. मोसंबं घ्या. साल जाड, रस कमी उडतो, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतूनही पिवळा गोळा स्पष्ट दिसतो. तीन मोसंबी ताटात ठेवून मुलाला निवडू द्या. कुठलं निवडायचं ते आपण ठरवतोच.

नोटेवर सही घेऊ नका. नोटेवर लिहू नका असं रिझर्व्ह बँक सांगत आलीय, आणि समोर एखादे निवृत्त बँक अधिकारी असतातच. ते उठून सांगतात. त्याऐवजी नोटेच्या मालकाला स्वतःच्या मोबाइलवर नंबराचा फोटो काढायला सांगा आणि मोबाइल शेजाऱ्याच्या हातात द्या. मोसंब्यातून निघालेल्या ओल्या नोटेचे शेवटचे सहा आकडे मालक मोठ्यानं वाचतो, शेजारी फोटोवरून जुळवतो. सहीपेक्षा हे भारी पडतं, कारण आकडा आकड्याला जुळताना सगळे ऐकतात. नोट पुसून परत द्या. बदलून दुसरी देऊ नका, ती ओली नोटच ते घरी जाऊन दाखवतात.

नाण्यांबद्दल विचारलं नाहीत, पण कपाटात असणारच. आजचं एक रुपयाचं नाणं साधारण २० ते २२ मिलिमीटरचं, मांडवात ते दिसत नाही. घरगुती मैफिलीत नाणी करायची असतील तर जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी, ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया शोधा. ११.६६ ग्रॅम वजन आणि साडेतीस मिलिमीटरच्या आसपास आकार, म्हणजे पाश्चात्त्य जादूगार जे अर्ध्या डॉलरचं नाणं वापरतात जवळजवळ तेवढंच. तळहातात तसंच बसतं, आणि आजोबांच्या हातात दिलं की प्रयोगाआधीच गोष्ट सुरू होते. चालू नाणी कापून, घासून गिमिक (आत युक्ती दडवलेलं नाणं) बनवू नका. २०११ च्या नाणे कायद्यात नाणं वितळवायला, नष्ट करायला बंदी आहे. आणि ते अंगठ्याचं सामान, ज्यांना कळायचं त्यांना कळलं, परदेशी गुलाबी रंगाचं असेल तर रंग जुळवत बसू नका. तिकडे बोट करून कुणाचं लक्ष वेधलं नाही तर कुणी बघत नाही.

आग नको. फ्लॅश पेपर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि मांडव म्हणजे कापड, थर्माकोल आणि लोंबणाऱ्या वायरी. एवढंच पुरे. पक्षी-प्राणीही नकोत. प्रदर्शनात प्राणी वापरायचे तर २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते, आणि ढोल-ताशाच्या आवाजात कबुतराचे हाल होतात ते वेगळे.

बोलण्याबद्दल. "लेडीज अँड जेंटलमन" घरी ठेवा, "गिली गिली छू"ही. कोथरूडच्या पार्किंगमध्ये तुम्ही शेजारी आहात, शेजाऱ्यासारखं बोला. आणि जे दिसतंय ते सांगू नका. "ही दोरी आहे, ही मी मधून कापतो" हे प्रेक्षक बघतोच आहे. त्याऐवजी दोरीला एक कारण द्या: सोसायटीतल्या दोन विंगांनी वाळत घालायची दोरी मधोमध वाटून घेतली, आता दोघांचीही लहान पडते. बस, एवढीच गोष्ट. ती कुठल्या विंगेबद्दल आहे ते सोसायटीला बरोबर कळतं. संहिता पूर्ण लिहून काढा, मग मोठ्यानं म्हणत सराव करा. आरशासमोर करू नका, आरशात आपण स्वतःकडे बघत राहतो आणि महत्त्वाच्या क्षणी नकळत डोळे मिटतो. मोबाइल एकदा जमिनीवर डावीकडे आणि एकदा कपाटावर ठेवून चित्रण करा. एक त्या जिन्यावरचा प्रेक्षक, दुसरी गॅलरीतली आजी.

टाळीची वाट पाहायला शिका. आपल्याकडे टाळी उशिरा येते, आधी शेजाऱ्याकडे बघून खात्री करतात. प्रयोग संपला की सरळ उभं राहायचं, हात खाली, नजर समोर आणि तोंड बंद. नवशिका इथेच घाबरतो आणि पुढचं वाक्य सुरू करतो, मग ती टाळी कायमची जाते. पी. सी. सरकारांनी १९५६ मध्ये बीबीसीवर मुलीला करवतीनं कापण्याचा प्रयोग केला आणि ती उठायच्या आतच कार्यक्रम संपला. मुलगी मेली की काय म्हणून लोकांनी फोन करून करून हैराण केलं, दुसऱ्या दिवशी पेपरांत बातम्या. त्यांना अधांतरी शेवट फळला, कारण पाठीशी वर्तमानपत्रं होती. तुमच्या पाठीशी ती नाहीत. तुमचा शेवट लख्ख हवा: नोट, नंबर, टाळी, तांब्यातलं उरलेलं पाणी शेजारच्या कुंडीत, नमस्कार.

ज्येष्ठांपैकी अनेकांनी जादूगार रघुवीर पाहिलेले आहेत, आणि पुण्यात त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनीही प्रयोग केलेत. तेव्हा "आमच्या वेळी" ऐकावं लागेल. आनंदानं ऐका, त्यात कधी कधी एखादी चांगली कल्पना मिळते.

कार्यक्रमानंतर एक-दोन माणसं बाजूला घेऊन विचारतील: हरवलेलं मंगळसूत्र कुठे आहे, मुलीचं कधी जमेल. हसण्यावारी नेऊ नका आणि "बघू" तर अजिबात म्हणू नका. सरळ सांगा, "काका, ही हातचलाखी आहे, मला यातलं काही कळत नाही." महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं आणि पैसे मिळवणं हा गुन्हा आहे. करमणुकीच्या जादूला त्यानं काहीही अडवलेलं नाही, पण ही रेघ तुम्ही स्वतःही मंचावरून एका वाक्यात ओढा. मी ती पत्त्यांचा प्रयोग संपल्यावर, नोटेच्या आधी घेतो, कारण त्यानंतरचाच प्रयोग खरा चमत्कार वाटण्याजोगा असतो.

पैशाचं: स्वतःच्या सोसायटीत घेऊ नका, बाहेरच्या सोसायटीत जरूर घ्या आणि निम्मे आगाऊ घ्या. कमिटीकडून तीन गोष्टी लेखी मागा: कॉलर माइक (हातातला माइक घेतला की तुमचा एक हात गेला), पाठीमागे मुलं येणार नाहीत म्हणून उभा राहणारा एक दादा, आणि आरतीनंतर लगेच सुरुवात. सवलतीचे दिवस सोडले तर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो. आरती लांबते, मग अथर्वशीर्ष, मग सत्कार, मग प्रायोजकांचे आभार. चाळीस मिनिटांची पंचवीस होतात, धरूनच चला. तसं झालं तर दोरी गाळा, आजींचे पत्ते गाळू नका.